आधी मुलाखत, मग पिल्लू

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत यंदा मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं ते काळं-पांढरं कुत्रं कुठून आणलंत? आणि केवढ्याला पडलं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी सुरू केलं की मध्येच थांबवून दुसऱ्याचं उत्तर मागायचे. एकांनी तर खिशातून मोबाइल काढून जाहिरातच दाखवली. "हे बघा, बॉर्डर कॉली, निम्म्या किमतीत, आणि शनिवारी घरपोच!" मागे रांग खोळंबली होती, माझ्या एका हातात मोदक आणि दुसऱ्यात पाण्याचा ग्लास. तिथे बोलणं शक्य नव्हतं म्हणून संपादकांकडून ही जागा मागून घेतली आहे.

मी कुत्र्यांतला तज्ज्ञ नाही. आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. पण एक पिल्लू चुकीच्या माणसाकडून घेऊन नऊ दिवसांत गमावलं, आणि दुसरं योग्य माणसाकडून मिळवायला चौदा महिने थांबलो, एवढा अनुभव गाठीशी आहे. सौ.चं म्हणणं, आपली फजिती आपणच कशाला छापून आणायची? पण ती जाहिरात पाहिल्यापासून मला राहवत नाही.

२०२० चा जुलै आठवा. सगळे घरात कोंडलेले, शाळा बंद, धाकटी नऊ वर्षांची आणि कंटाळून रडकुंडीला आलेली. अख्ख्या देशालाच तेव्हा कुत्रा हवा होता आणि पिल्लांच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. आम्हाला एक जाहिरात सापडली. सुंदर फोटो, हिरव्या गवतावर आई आणि पाच पिल्लं. फोनवरचा माणूस मोठा गोड बोलला. "कोविडमुळे घरी बोलावता येत नाही, मोटरवेच्या सर्व्हिस स्टेशनवर भेटू." आम्हाला त्यात काही खटकलं नाही, उलट माणूस काळजी घेणारा आहे असं वाटलं! पार्किंगमध्ये एका व्हॅनच्या मागच्या दारातून पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू आलं. नऊशे पौंड रोख मोजले. मी, जो किराणाच्या पावत्याही फायलीला लावतो, त्या मी पावती मागितली नाही.

धाकटीने नाव ठेवलं मोती. चौथ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. व्हेटने पाहताक्षणी सांगितलं, पार्व्हो. लसीच्या कार्डावर शिक्का होता, पण त्यावरचा फोन नंबर अस्तित्वातच नव्हता. अंगात मायक्रोचिप नव्हती. आठ आठवड्यांचं म्हणून घेतलेलं पिल्लू दातांवरून जेमतेम सहा आठवड्यांचं निघालं. विमा उतरवला होता, पण पहिल्या चौदा दिवसांतलं आजारपण त्यात बसत नव्हतं. नवव्या दिवशी पहाटे व्हेटचा फोन आला. त्या माणसाचा नंबर तोवर बंद झाला होता. धाकटीने मला विचारलं, "बाबा, त्याची आई कुठे आहे?" मला ते माहीत नव्हतं. मी तिला पाहिलीच नव्हती.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, आणि ते आधी कळायला हवं होतं. ६ एप्रिल २०२० पासून, म्हणजे आम्ही नऊशे पौंड मोजायच्या तीन महिने आधीपासून, इंग्लंडमध्ये 'लूसीज लॉ' लागू झाला होता. लूसी ही कॅव्हेलियर जातीची कुत्री. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून तिला २०१३ साली सोडवलं, तेव्हा वेतांमागून वेतं काढून तिचं शरीर पार खिळखिळं झालं होतं. तिचं नाव दिलेल्या या कायद्याने दुकानदाराला किंवा दलालाला सहा महिन्यांखालचं पिल्लू धंदा म्हणून विकता येत नाही. ज्याने पैदास केली त्यानेच ते विकायचं, आणि जिथे जन्मलं तिथेच, आईजवळ असताना दाखवायचं. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये असे नियम २०२१ साली आले. इंग्लंडमध्ये वर्षाला तीन किंवा अधिक वेतं काढून पिल्लं विकणाऱ्याला कौन्सिलचं लायसन्स लागतं आणि जाहिरातीत त्याचा नंबर छापावा लागतो. एखाद्या घरगुती माणसाचं वर्षाला एकच वेत असेल तर त्याच्याकडे लायसन्स नसेलही, तेवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका. पण आठ आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवून ती स्वतःच्या नावावर नोंदवणं २०१६ पासून प्रत्येक पैदासकाराला बंधनकारक आहे. चिपवर पहिलं नाव त्याचं नसेल, तर पिल्लू मधल्या कोणाच्या तरी हातातून आलं आहे.

म्हणून घरपोच पिल्लू हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पिझ्झा घरपोच येतो, पिल्लू नाही.

त्यानंतर महिन्याभराने, व्हेटच्याच ओळखीतून, नॉर्थम्बरलँडमधल्या एका बाईंचा फोन नंबर मिळाला. मेंढ्यांचं शेत, आणि दोन-तीन वर्षांतून एखादं वेत. मी फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो किमतीचा. त्या म्हणाल्या, "किंमत शेवटी बोलू." मग चाळीस मिनिटं त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. दिवसभर घरी कोण असतं? मागच्या अंगणाचं कुंपण किती उंच? मुलांची वयं काय? कॉलीच का हवा? भर पावसात रोज दोन तास कोण चालणार, तुम्ही की मुलं? मुलगी कॉलेजला गेली की हा कोणाचा? नाताळच्या सुट्टीत तुम्ही कुठे असता? शेवटच्या प्रश्नाला मी खरं सांगितलं, की दर दोन वर्षांनी डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला जातो. पलीकडे काही क्षण शांतता. मग त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही घरी आहात, कारण सरकारने बसवलं आहे. ऑफिसं सुरू झाल्यावर तुमचा दिवस कसा जातो ते पाहा, आणि तेव्हाही हवा असला तर फोन करा. शिवाय पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो. आत्ता मी माझं पिल्लू तुमच्याकडे पाठवणार नाही."

मला राग आला, हे कबूल करतो. पैसे आम्ही मोजणार आणि मुलाखतही आमचीच? मनात आलं ते इथे लिहायलाही संकोच वाटतो, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात ते येत असणार म्हणून लिहितो: आपण परदेशी दिसतो, नाव वेगळं, म्हणून तर नसेल? इथे इतकी वर्षं राहून हा संशय आपल्या अंगवळणी पडला आहे, आणि काही ठिकाणी तो खराही असतो. इथे तो खरा नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या गावातल्या एका इंग्रज जोडप्यालाही नकार दिला होता, हे मागाहून कळलं. दोघंही सात ते सात घराबाहेर, म्हणून.

आई तेव्हा आमच्याकडेच अडकल्या होत्या, म्हणजे सौ.च्या आई, माझ्या सासूबाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, मुलगी द्यायची म्हणजे चौकशी करणारच की. न विचारता देतील त्यांनाच भ्यावं." इतकं सोपं होतं ते! आपल्याकडे स्थळ आलं तर आजोळ कुठलं, पत्रिका जुळते का, घरात कोणाला काही दुखणं आहे का, हे सगळं चारचौघांकडून काढतो. आणि बारा-चौदा वर्षं जो जीव आपल्या घरात वावरणार, त्याची ना आई पाहिली ना घर.

माझं मत मी इथेच सांगून टाकतो, कोणाला पटो न पटो. जो पैदासकार तुम्हाला प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. कागदपत्रं, पदकं, फोटो, वंशावळ सगळं नंतर. ज्याला आपलं पिल्लू कुठे जातं याची फिकीर नाही, त्याने त्याच्या आईचीही केली नसणार.

चौकशी अर्थात आपणही करायची असते. इथे मात्र आपले लोक बुजतात, किंवा 'केनेल क्लबचा कागद आहे' म्हटलं की समाधान मानतात. तो कागद आईबाप कोण ते सांगतो, त्यांच्या तब्येतीची हमी देत नाही. बॉर्डर कॉलीत काही आजार आनुवंशिक आहेत. डोळ्यांचा एक आहे, 'कॉली आय ॲनॉमली'. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक आहे, त्याला टीएनएस म्हणतात आणि त्यात पिल्लं जगत नाहीत. मेंदूचा एक आहे, तो कुत्रा दीड-दोन वर्षांचा होईतो लक्षातही येत नाही. या तिन्हींचा हिशेब आपल्याला थॅलेसेमियावरून चांगला समजावा. एकाकडेच दोष सुप्त असला तर पिल्लं आजारी पडत नाहीत. दोघांकडे असला तर चारात एकाला धोका. म्हणून आईबापांची डीएनए तपासणी झाली आहे का, हे विचारायचं आणि त्याचा कागद डोळ्यांनी पाहायचा. 'कॅरियर' शब्द दिसला म्हणून दचकू नका, दुसरा 'क्लियर' असला म्हणजे झालं.

खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे काढून गुण देतात. ते परीक्षेच्या उलट असतात: एका बाजूला शून्य ते ५३, दोन्ही मिळून १०६, आणि जितके कमी तितकं चांगलं. (आमच्या थोरल्याने लगेच विचारलं, हीच पद्धत शाळेत का नाही?) पिल्लांचे डोळे सहा-आठ आठवड्यांचे असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे लागतात, कारण 'कॉली आय'ची सौम्य खूण पुढे रंगाखाली झाकली जाते आणि मोठेपणी डोळा निर्दोष दिसतो. ऐकू येतं की नाही हेही यंत्राने तपासता येतं. आमच्या बाईंनी हे सगळे कागद न मागता टेबलावर ठेवले. मी सवयीने तारखा आणि चिप नंबर ताडून पाहिले. त्या हसल्या, रागावल्या नाहीत.

रंगाच्या मोहाबद्दल दोन शब्द. निळसर करड्या ठिपक्यांच्या 'मर्ल' रंगाचं हल्ली फार वेड आहे, विशेषतः ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये. दोन मर्लचं वेत काढलं तर चारात एक पिल्लू दोन्हीकडून तो गुण घेऊन येतं, आणि असं पिल्लू बहिरं, आंधळं किंवा दोन्ही असण्याची मोठी भीती असते. 'दुर्मिळ रंग' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला आईबापांचे रंग विचारा.

आता मुळातच कॉली हवा का, हा प्रश्न. आपल्या पिढीला भारी कुत्रा म्हणजे अल्सेशियन एवढंच ठाऊक. (तोही मूळचा जर्मन मेंढपाळांचाच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नाव नको म्हणून इथे त्याला अल्सेशियन केलं, आणि केनेल क्लबने जुनं नाव १९७७ साली परत आणलं. आपण मात्र अजून तेच चालवतो!) मेंढ्यांजवळचा कुत्रा म्हटलं की मला माझं आजोळ आठवतं, फलटणकडचं. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे कोकणाच्या दिशेने निघायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे-मागे मेंढरं आणि बरोबर कुत्री. ती कुत्री मेंढरं हाकत नसत, ते काम धनगराच्या आरोळीचं. कुत्र्याचं काम रात्री लांडग्याशी गाठ घ्यायची. दिवसा ती झाडाखाली पडून असत आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नसत.

बॉर्डर कॉली याच्या अगदी उलट. तो राखणदार नाही, हाक्या आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मैलभर पसरलेली मेंढरं एका शिट्टीवर गोळा करून आणणं, हे त्याच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेलं आहे. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्येच जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा आजच्या बहुतेक सगळ्या कॉलींचा पूर्वज. न भुंकता, न चावता, नुसत्या रोखलेल्या नजरेने तो मेंढरं हलवायचा. १९०६ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी कामाच्या कॉलींची वंशावळ ठेवते. केनेल क्लबने ही जात मानली ती थेट १९७६ साली. म्हणजे कित्येक पिढ्या या कुत्र्याची निवड फक्त कामावरून झाली, दिसण्यावरून नाही. असा जीव सेमीडिटॅच्ड घराच्या लाउंजमध्ये आठ तास एकटा ठेवला, की तो काम शोधतो. सायकली हाकतो, मोटारींमागे धावतो, पोरांच्या टाचांना दात लावतो, सावल्यांचा पाठलाग करत भिंतीवर डोकं आपटतो. आणि शेतावर सुटून मेंढ्यांमागे लागला तर गुन्हा मालकाचा, १९५३ चा तसा कायदाच आहे. काही परिस्थितींत शेतकरी त्याला गोळी घालू शकतो आणि ते कायद्यात बसतं.

मागच्या नवरात्रातला आमच्या हॉलच्या मागच्या पटांगणावरचा भोंडला ज्यांना आठवत असेल, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मुली फेर धरून फिरत होत्या, दोन लहानग्या फेरातून निसटल्या, आणि आमच्या कुत्र्याने त्यांना वळसा घालून, जमिनीसरसं होऊन, परत पाटावरच्या हत्तीपाशी आणून सोडलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र त्यात तीन वर्षांचं रोजचं शिक्षण पाहत होतो. ते नसतं तर तिथे टाळ्यांऐवजी टाके पडले असते.

तेव्हा दोघंही दिवसभर नोकरीवर असाल तर माझा सल्ला साफ आहे: कॉली नको. मुलांच्या वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नको. मोठ्या वयाचा, स्वभाव ठाऊक झालेला एखादा कुत्रा रेस्क्यू सेंटरमधून आणण्यात काहीही कमीपणा नाही, तिथेही मुलाखत होतेच. मंडळातल्याच एका घरी कॉली आला आणि दहा महिन्यांत गेला. मी नाव सांगणार नाही, माणसं प्रेमळ आहेत. विकणाऱ्याने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि परत घ्यायला नकार दिला. त्या घरातला मुलगा अजून आमच्याकडे येतो आणि खंडूला मिठी मारून बसतो.

खंडू म्हणजे आमचा हा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. त्याआधी ऑफिस सुरू झाल्यावर मी त्या बाईंना परत फोन केला होता. आठवड्याचे तीन दिवस मी घरून काम करतो, उरलेले दोन दिवस सौ. दुपारी येते, असं वेळापत्रकच लिहून पाठवलं. पिल्लं पाच आठवड्यांची असताना आम्ही चौघं गेलो, बरोबर चिवड्याचा डबा घेऊन. गाडीत सौ. म्हणाली, "कांदेपोहे तेवढे राहिले." पिल्लं स्वयंपाकघरात होती, रेडिओ, भांडी, व्हॅक्यूम क्लीनर सगळ्याच्या आवाजात. हे मुद्दाम असतं, तीन ते बारा आठवड्यांच्या वयात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती राहत नाही. आई शेजारी होती, दुधाने भरलेली, पिल्लांना चाटणारी. भाड्याने आणलेली 'आई' अशी वागत नाही. बाप तिथे नव्हता, आणि ते ठीक असतं. चांगला नर बहुधा दुसऱ्या शेतावरचा असतो.

धाकटीकडे एक पिल्लू सर्वांत आधी धावत आलं. तिने तेच उचललं. बाईंनी ते हळूच तिच्या हातातून घेतलं. "हा मेंढपाळाकडे जायचा आहे. तुमच्याकडे हा तुम्हालाच हाकेल. तुमच्यासाठी तो," म्हणून कोपऱ्यात खेळून खेळून झोपलेल्या एकाकडे बोट दाखवलं. धाकटीचा चेहरा पडला. आज तिला विचारा! नाव सासूबाईंनी ठेवलं. आमचं कुलदैवत जेजुरीचं, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच, त्यामुळे देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येण्याची परवानगीही त्याला मिळाली.

किंमत ८५० पौंड. म्हणजे व्हॅनवाल्यापेक्षा पन्नास कमी, तेही सगळ्या तपासण्या, पहिली लस आणि चार पानी करारासकट. करारातलं एक कलम मी तिथेच दोनदा वाचलं: कधीही, कोणत्याही कारणाने, कुत्रा ठेवणं जमलं नाही तर तो दुसऱ्या कोणाला न देता त्यांच्याकडेच परत द्यायचा. मला ते जाचक वाटलं होतं. मग २०२४ च्या फेब्रुवारीत वडिलांना पुण्यात पॅरालिसिसचा झटका आला. रात्री फोन, सकाळचं विमान, परत कधी ते माहीत नाही. आमच्या भागातल्या केनेलचा दर दिवसाला २८ पौंड, म्हणजे पाच आठवड्यांचे ९८० पौंड, आणि तिथेही जागा नव्हती. सौ.ने बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घेऊन या." सात आठवडे खंडू त्याच्या आईजवळ राहिला. आम्ही पैसे देऊ केले, त्यांनी फक्त त्याच्या खाण्याचे घेतले. आणि मी परत आल्यावर खंडूची चौकशी करण्याआधी त्यांनी वडिलांची केली.

असो. त्या शनिवारच्या घरपोच पिल्लाचं काय झालं? मी त्या गृहस्थांना त्याच रात्री फोन करून सांगितलं, की विकणाऱ्याला एवढंच विचारा: आईजवळ असताना पिल्लू पाहायला कधी येऊ? उत्तर आलं, आई सध्या भावाच्या शेतावर आहे. त्यांनी अजून नक्की काय ठरवलं, ते मला कळलेलं नाही. अनामत देऊन बसले आहेत, ती बुडेल याची चिंता आहे. बुडू द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे.

कोणाला बाईंचा नंबर हवा असेल तर देईन. सध्या त्यांच्या यादीत अकरा जण आहेत आणि पुढचं वेत वसंतात, तेही कुत्रीची तब्येत पाहून. येत्या डिसेंबरात तुम्ही कुठे असाल, याचं उत्तर तयार ठेवा. आणि त्याआधी कॉली म्हणजे काय ते पाहायचं असेल तर कोणत्याही रविवारी सकाळी आठला आमच्याकडे या, खंडूबरोबर दोन तास चालू. जुने बूट घालून या. पाऊस असला तरी आम्ही जातो.